घोड्यांच्या ऑनलाइन खेळात शोच्या कमाईवर तबेला चालतो का?

चौखूर

मंडळी, ब्राउझरवर चालणाऱ्या घोड्यांच्या खेळांबद्दल इथे अधूनमधून बोलणं होतं, पण त्यातल्या पैशांच्या बाजूवर वेगळा धागा सापडला नाही, म्हणून काढतोय.

माझा तबेला आता बऱ्यापैकी मोठा झालाय. चाळिसेक घोडे आहेत. चारापाणी, खरारा, सराव, शोच्या म्हणजे स्पर्धांच्या नोंदण्या असं सगळं रोज नेमाने होतं. घोडेही चांगले आहेत. काही ड्रेसाजचे (आखीव हालचाली करून दाखवण्याचा प्रकार), काही शो जंपिंगचे (अडथळ्यांवरून उड्या), दोन-तीन क्रॉसकंट्रीचे (मोकळ्या रानातली अडथळ्यांची दौड). रोझेट, म्हणजे बक्षिसाच्या फिती, मिळतात, भिंत भरत चालली आहे. पण खेळातली नाणी दर आठवड्याला कमीच होत जातात, आणि शिल्लक सावरायला शेवटी एखादं शिंगरू विकावं लागतं.

शिंगरं विकून श्रीमंत होणारे खूप आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण मला या खेळात आवडतं ते वेगळंच आहे. घोडा लहानपणापासून वाढवायचा, शिकवायचा, मैदानात उतरवायचा आणि त्याने कमावलेल्या नाण्यांवर पुढचा घोडा उभा करायचा. निव्वळ सराव आणि शो यांवर तबेला चालवणारं इथे कुणी आहे का? असेल तर कसं चालवता? सरावावर किती खर्च करायचा, किती घोडे ठेवायचे, कुठल्या गटात उतरवायचे, सगळं सविस्तर लिहा. लांबलं तरी चालेल.

टापटाप

घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे कळायला थोडी माहिती हवी. चाळीसपैकी रोज मैदानात किती उतरतात? आणि कोणत्या गटात?

चौखूर

@टापटाप, रोज दहा-बारा. बाकीचे शिकताहेत किंवा अजून लहान आहेत. गट म्हणाल तर ज्याला जो सर्वांत वरचा मिळेल तो. मोठी बक्षिसं तिथेच असतात.

टापटाप

सापडलं मग. हिशेबनीस येऊ देत, ते आकड्यांत सांगतील.

हिशेबनीस

आलो. 😊

चौखूर, आधी एक नोंदणी सुटी काढून बघू. खेळाखेळात आकडे बदलतात, मी सोयीचे घेतो. समजा प्रवेशशुल्क ४० नाणी आणि मैदानात १० घोडे. जमा झाली ४००. त्यातला दहावा हिस्सा खेळ कापून घेतो, उरली ३६०. पहिल्याला निम्मी म्हणजे १८०, दुसऱ्याला १०८, तिसऱ्याला ७२. बाकी सात घोडे हात हलवत परत.

आता तुमचा घोडा बाकीच्या नवांच्याच तोडीचा असेल, तर सरासरीने त्याच्या वाट्याला येतात ३६ नाणी. भरली ४०. म्हणजे बरोबरीचा घोडा दर नोंदणीला ४ नाणी घालवतो. रोझेट मात्र अधूनमधून मिळत राहतात, त्यामुळे सगळं छान चाललंय असं वाटतं.

त्याच मैदानात तुमचा घोडा इतरांपेक्षा सरस आहे असं धरा. चारांतल्या एका शोमध्ये पहिला, पाचांतल्या एकात दुसरा, आणि १५ टक्के वेळा तिसरा येतो. मग त्याची सरासरी होते ४५ अधिक २१.६ अधिक १०.८, म्हणजे ७७.४. शुल्क वजा जाता ३७.४ नफा. घोड्याच्या दिवसभराच्या ऊर्जेत पाच नोंदण्या बसत असतील तर दिवसाला १८७, त्यातून दाणा-वैरण आणि बॉक्सचं (घोड्याच्या खोलीचं) भाडं मिळून २५ गेले, तरी १६२ हातात.

हाच घोडा तुम्ही सर्वांत वरच्या गटात नेला. शुल्क २००, पहिलं बक्षीस ९००, दुसरं ५४०, तिसरं ३६०. आकडे डोळ्यांत भरतात. पण तिथे तो १०० शोंमध्ये ४ वेळा पहिला, ६ वेळा दुसरा, ८ वेळा तिसरा येणार असेल, तर सरासरी ९७.२ आणि भरले २००. प्रत्येक नोंदणीला शंभरावर नाणी खड्ड्यात.

घोडा तोच, सराव तोच, दिवसही तोच. फरक फक्त आजूबाजूला कोण उभं आहे त्याचा. कमाई घोड्याच्या गुणांवर ठरत नाही, त्या गुणांच्या आणि मैदानातल्या इतरांच्या गुणांच्या अंतरावर ठरते. तुमचं बाकी सगळं बरोबर चाललंय, गट निवडताना तेवढी बक्षिसाची रक्कम न बघता प्रवेशयादी बघा.

नवखी_स्वार

वाचनखूण साठवली. मी तर इतके दिवस फक्त घोड्याच्या नावाला शोभेल असा शो निवडत होते.

दुडकी

@नवखी_स्वार 😄 नाव काय आहे घोड्याचं?

नवखी_स्वार

वादळ. म्हणून नेहमी क्रॉसकंट्री.

रिकीब

हिशेबनीस यांचं गणित पटलं, पण त्यातून लोक जो अर्थ काढतात त्याला माझा विरोध आहे. गटाची मर्यादा गुणांवर असते. तिच्या एक पाऊल अलीकडे सराव थांबवायचा, तयार घोडा मुद्दाम खालच्या गटात ठेवायचा आणि नवीन खेळाडूंची नाणी रोज गोळा करायची, हे आमच्या खेळात सर्रास चालतं. नवा माणूस येतो, पहिला घोडा हौसेने शिकवतो, मैदानात उतरतो आणि लागोपाठ आठवा-नववा येतो. आठवडाभरात खेळ सोडून जातो. दोघा-तिघांना मी स्वतः या खेळात आणलं होतं, तिघेही असेच गेले. नियमात बसतं म्हणून ते चांगलं होत नाही.

हिशेबनीस

रिकीब, मुद्दा अगदी रास्त आहे. मी सगळ्यांत खालच्या गटात जा असं म्हणत नाहीये. मधले गट बघा. बहुतेक खेळांत गर्दी दोन टोकांना असते, नवे खाली आणि जुने वर. मधल्या गटांत मैदानं अर्धी रिकामी असतात. जिथे दहा जागांवर सहाच घोडे आहेत आणि बक्षिसं खेळाकडून ठरलेली आहेत, तिथे कुणाच्या खिशातून काही जात नाही.

पागा_मालकीण

रिकीब यांना अनुमोदन. ज्या खेळांत जिंकलेल्या रकमेवरून गट ठरतो तिथे हा प्रश्न आपोआप सुटतो, घोडा जिंकत गेला की वर जातोच. खऱ्या घोड्यांच्या शोमध्येही नवशिक्या गटांना अशीच अट घालण्याची पद्धत आहे.

आता सरावाबद्दल, कारण त्यावर अजून कुणी बोललं नाही. सराव फुकट असतो हा समज आधी काढून टाका. नाणी लागत नसतील, पण ऊर्जा लागते, आणि त्याच ऊर्जेत शो झाला असता. म्हणून जिंकायच्या वयाच्या घोड्याला सरावाला जुंपलं की त्याची त्या दिवसाची कमाई गेली असं धरायचं. उलट बऱ्याच खेळांत सरावाचं वय शोच्या वयाच्या आधी सुरू होतं. त्या मधल्या काळात घोडा तसाही कमावू शकत नाही, तेव्हा केलेला सराव खऱ्या अर्थाने फुकट. माझी बहुतेक सगळी मेहनत त्या काळात असते.

एक उदाहरण देते. मेघा नावाची माझी घोडी आहे, काळीभोर, कपाळावर चांदणी. तिची जन्मजात बाजू उडी. शोचं वय होईपर्यंत मी तिला आधी उडी, मग ड्रेसाज आणि शेवटी वेग एवढंच शिकवलं, कारण आमच्या खेळात शो जंपिंगचा निकाल या तीन गुणांवर लागतो. दम आणि दुडकी चाल यांचे रकाने जन्मताना होते तसेच आहेत. तिचं पान उघडलं की तीन पट्ट्या काठोकाठ भरलेल्या आणि बाकीच्या जवळजवळ रिकाम्या. बघणाऱ्याला अर्धवट वाटते. पण शोच्या दिवशी सकाळी पाणी, ओट, खरारा करून ऊर्जा पूर्ण भरायची, खोगीर आणि पायपट्ट्या चढवायच्या, आणि नोंदण्या एकदम न टाकता दोन-दोन करून टाकायच्या. मनोबल जरा खाली गेलं की थांबून थोपटायचं, गाजर द्यायचं, मग पुढच्या दोन. मनोबल पडलेला घोडा पाचव्या शोमध्ये जो निकाल देतो तो बघितला की लक्षात येतं की ऊर्जेइतकंच ते महत्त्वाचं आहे. ही एक घोडी माझ्या पागेतल्या सहा-सात घोड्यांचा दाणा काढते.

हिशेबनीस

मालकीणबाई, तुमच्या मेघाचं गणित मांडल्याशिवाय राहवत नाही. समजा निकालात मुख्य गुणाला ५० टक्के, दुसऱ्याला ३० आणि तिसऱ्याला २० टक्के वजन आहे. दोन घोडे घ्या, दोघांच्या गुणांची बेरीज ६००. एकाचे गुण ३००, १८०, १२०. दुसऱ्याचे तिन्ही २००. पहिल्याचा निकाल २२८, दुसऱ्याचा २००. सराव सारखाच आणि फरक १४ टक्क्यांचा. तुल्यबळ मैदानात १४ टक्के म्हणजे पहिला आणि सहावा यांच्यातलं अंतर.

दुडकी

आमच्याकडे एक अष्टपैलू घोडा आहे. सगळ्या प्रकारांत चौथा येतो. मुलीचा लाडका असल्यामुळे त्याच्या विरोधात एक शब्द बोलायची सोय नाही.

पागा_मालकीण

@दुडकी, लाडका आहे ना, मग ठेवा की. त्याच्यासाठी कमावणारे दोन असले म्हणजे झालं.

शिवार

एक बाळबोध प्रश्न. या सगळ्यातून खरे पैसे मिळतात का? मला एकाने संदेश पाठवला की तुमचा घोडा चांगला आहे, खात्यावर खरे पैसे टाकतो, घोडा माझ्या नावावर करा.

रिकीब

शिवार, अजिबात नको. या प्रकारच्या खेळांच्या अटींमध्ये साधारणपणे स्पष्ट लिहिलेलं असतं की घोडे, नाणी किंवा खातं खऱ्या पैशांत विकता येत नाही. पकडलं गेलं की खातं बंद, आणि त्याबरोबर सगळे घोडे. शिवाय तुम्ही घोडा आधी दिलात आणि समोरचा पैसे न देता गायब झाला, तर तक्रार करायलाही जागा नाही, कारण व्यवहारच नियमबाह्य. पैसे आत येतात ते फक्त खेळाच्या कंपनीकडे, पास किंवा विशेष नाणी विकत घेताना. मुलं खेळत असतील तर या संदेशांबद्दल त्यांना आधीच सांगून ठेवा, कारण अशा खेळांत शाळकरी मुलं खूप असतात.

शिवार

धन्यवाद. त्या माणसाची तक्रार खेळाच्या चालकांकडे केली.

अबलख

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, पैदाशीचा. शोची बक्षिसं म्हणजे जाहिरात, खरी कमाई शिंगरांत, असं माझं स्पष्ट मत आहे. जिंकणाऱ्या घोड्याच्या पानावर रोझेटची रांग दिसली की त्याच्या संकराचं शुल्क दुप्पट मागता येतं.

आणि रंग! जनुकांवर बांधलेल्या खेळांत रंगाचा अभ्यास असेल तर नशिबावर बसावं लागत नाही. सोनेरी अंगाच्या, पांढऱ्या आयाळीच्या पालोमिनोला मागणी कायम असते. लोक पालोमिनोला पालोमिनो दाखवतात आणि वाट बघत बसतात. त्यात निम्मीच शिंगरं पालोमिनो येतात, पाव तांबडी आणि पाव क्रेमेलो, म्हणजे मलईसारख्या फिक्या रंगाची. कारण पालोमिनोत रंग फिका करणाऱ्या क्रीम जनुकाची एकच प्रत असते. त्याऐवजी क्रेमेलो घोडा आणि तांबडी घोडी घ्या. क्रेमेलोत त्या जनुकाच्या दोन प्रती, तांबडीत शून्य, म्हणजे प्रत्येक शिंगराला बरोबर एक. शंभर टक्के पालोमिनो. हे खऱ्या घोड्यांतही असंच चालतं, खेळाने फक्त उचललंय.

राखाडीपासून मात्र जपून. राखाडीचं जनुक बाकी सगळे रंग झाकतं. शिंगरू जन्मताना सुंदर दिसतं आणि वयाबरोबर पांढरं होत जातं. विकत घेताना आईबाप दोघांची पानं उघडून बघा.

खरारा

अबलख, छान लिहिलंत. फ्रेम ठिपक्यांबद्दलही सांगा, नवीन लोक तिथे हमखास अडकतात.

अबलख

बरोबर, राहून गेलं. फ्रेम ओव्हेरो या ठिपक्यांचं जनुक एका प्रतीत सुंदर दिसतं, दोन प्रतींत प्राणघातक असतं. दोन फ्रेम घोड्यांचा संकर केला तर चारांतलं एक शिंगरू जगत नाही. खऱ्या आयुष्यात ते पांढरंशुभ्र जन्मतं, त्याच्या आतड्यांत चेतापेशी नसतात आणि काही दिवसांतच दगावतं. म्हणून खऱ्या पैदासकारांकडे संकराआधी चाचणी करतात. खेळात चाचणी थोड्या नाण्यांत होते, टाळू नका.

हिशेबनीस

अबलख, जनुकांपुढे नतमस्तक. पण शिंगरांच्या बाजाराबद्दल एक शंका. शंभर टक्के पालोमिनोची युक्ती तुम्हाला माहीत आहे तशी शंभर जणांना माहीत झाली की पालोमिनोचा भाव काय राहील? शिंगरू तयार करायला मर्यादा फार थोडी असते. शोमध्ये पहिला क्रमांक मात्र एकच असतो, तो कुणी छापू शकत नाही.

अबलख

भाव पडतात, हे मान्य. आमच्याकडे मागच्या वर्षी एका नव्या रंगाचं तेच झालं, सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत विकले ते तरले. पण गुणी वंशाचे भाव पडत नाहीत, हेही तितकंच खरं.

खरारा

मी खरे घोडे फिरवणारी. खेळही खेळते, कारण दिवस संपला तरी घोडे डोक्यातून जात नाहीत.

चौखूर यांचा प्रश्न खऱ्या जगातही तसाच्या तसा आहे. ड्रेसाजचं मोठं मैदान २० बाय ६० मीटर, त्यात प्रत्येक हालचालीला पंच ० ते १० गुण देतात आणि शेवटी टक्केवारी निघते. शो जंपिंगमध्ये एक दांडी पडली की ४ दोषगुण. वरचा दर्जा गाठायला घोड्याला कित्येक वर्षं लागतात, आणि त्या वर्षांचा दाणा, नाल, डॉक्टर, वाहतूक हे सगळं बक्षिसातून निघणं फार थोड्यांच्या नशिबी असतं. बहुतेक तबेले शिकवणीवर, दुसऱ्यांचे घोडे सांभाळण्यावर आणि शिकवून तयार केलेला घोडा विकण्यावर चालतात. शो त्यांना नाव मिळवून देतो.

खेळात हे गणित जरा दयाळू ठेवलेलं असतं, घोडा लंगडत नाही आणि पावसाने शो रद्द होत नाही. पण शिकवण्याचा क्रम मला दोन्हीकडे एकच दिसतो. तरुण घोड्यावर एकाच वेळी सगळं लादायचं नाही. आधी तोल आणि सरळ चाल, मग बाकीचं. मालकीणबाईंची मेघा वाचून फार बरं वाटलं. घोडा कशासाठी जन्मलाय हे ओळखून त्याला तेच देणं, हे चांगल्या शिकवणाऱ्याचं पहिलं लक्षण.

नवखी_स्वार

खरारा ताई, खऱ्या घोड्यालाही मनोबलाची पट्टी असती तर?

खरारा

असते ना. त्याचे कान बघायचे. पुढे वळलेले, हलते असले तर तो तुमच्याबरोबर आहे. मानेला चिकटवून मागे टाकले की थांबायचं.

दुडकी

हे खेळातही हवं होतं. आमचा लाडका कायम कान टवकारून असेल, चौथा आला तरी.

टापटाप

कुणी हाऊर्स खेळतं का? तिथलं मी थोडं सांगू शकतो. २००५ साली फ्रान्समध्ये सुरू झालेला हा ब्राउझर खेळ, ऊलियां कंपनीचा, पुढे २०११ मध्ये युबिसॉफ्ट या खेळ बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. तिथे खऱ्या एका दिवसात घोडा दोन महिन्यांनी मोठा होतो, म्हणजे साठ दिवसांत त्याची दहा वर्षं. आणि तिथे शोला पैशांपलीकडचं एक कारण आहे. घोड्याला ब्लप नावाचा एक अंक असतो. तो १०० पर्यंत न्यायचा तर घोडा दहा वर्षांचा व्हावा लागतो, मुख्य गुणांचा सराव पूर्ण लागतो आणि २० स्पर्धा जिंकाव्या लागतात. आईबापांचा ब्लप पूर्ण असेल तर शिंगराची जन्मजात क्षमता वाढते. म्हणजे अबलख आणि हिशेबनीस ज्यावरून भांडताहेत त्या दोन गोष्टी तिथे एकमेकींना बांधूनच टाकल्या आहेत. न जिंकलेल्या घोड्याचं शिंगरू उत्तम होतच नाही.

हिशेबनीस

आम्ही भांडत नाही आहोत, टापटाप. 😊

अवांतर: ब्लप ही संकल्पना खेळाने शोधलेली नाही. बेस्ट लिनियर अनबायस्ड प्रेडिक्शन ही पशुपैदाशीतली सांख्यिकी पद्धत आहे, अमेरिकन संशोधक चार्ल्स हेंडरसन यांची. जनावराची स्वतःची आणि नातेवाइकांची कामगिरी घेऊन त्याच्या वंशगुणांचा अंदाज बांधायचा, त्यात निगा आणि परिस्थिती यांचा वाटा वेगळा काढायचा. दुभत्या गाईंच्या पैदाशीत ती फार वापरली गेली. खेळात त्याचा अर्थ खूप सोपा केलाय, पण मूळ प्रश्न तोच: जिंकला तो घोड्यामुळे की मालकाने केलेल्या कौतुकामुळे?

अबलख

आता कळलं आमच्या वळू घोड्याचं नाव का होत नाही. कौतुक कमी पडतंय.

रिकीब

मला नाण्यांबद्दल आणखी एक सांगायचंय, कारण नवीन खेळाडूंना हे कुणी सांगत नाही. खेळात नाणी दोन मार्गांनी मिळतात. काही नाणी खेळ नव्याने तयार करून देतो: रोजची भेट, कामगिऱ्या, खेळानेच ठेवलेल्या शोची बक्षिसं. बाकीची नाणी फक्त या खिशातून त्या खिशात जातात: खेळाडूंनी भरवलेले शो, बॉक्सचं भाडं, विक्री. जिथे फक्त दुसऱ्या प्रकारचे शो आहेत तिथे सगळेच्या सगळे फायद्यात राहणं शक्यच नाही, आणि खेळ वर कापून घेतो ते वेगळंच. चौखूर, तुमच्या खेळात कोणते शो कोणत्या प्रकारात मोडतात हे एकदा तपासा.

आणि दुसरं, तुम्ही स्वतः शो भरवता का? बऱ्याच खेळांत अश्वकेंद्र काढता येतं. भाड्याचे बॉक्स, स्वतःचे शो, प्रवेशशुल्काचा हिस्सा. कष्ट आहेत, पण उत्पन्न स्थिर.

पागा_मालकीण

केंद्राचं काम म्हणजे दुसरा संसार हो. ज्यांना घोडे शिकवायला आवडतं त्यांनी त्यात पडू नये, रोज कुंपण, खत आणि तक्रारी यांतच वेळ जातो. मी सोडून दिलं आणि पुन्हा घोड्यांकडे वळले.

शिवार

मग चाळीस घोड्यांचं काय करायचं? ज्यांची कमाई नाही त्यांना विकायचं?

दुडकी

याच प्रश्नाची भीती वाटत होती.

खरारा

मला विकणं चुकीचं वाटत नाही. चांगल्या हातात गेलेला घोडा मैदानात उतरतो, आपल्याकडे यादीच्या पन्नासाव्या पानावर नुसता उभा राहतो. पण कुणाकडे जातोय ते बघावं. घेणाऱ्याच्या तबेल्यातल्या घोड्यांची पानं उघडली की निगा कळते. आणि म्हातारे, जिंकून झालेले घोडे मी तरी विकत नाही. बहुतेक खेळांत निवृत्तीची, कमी खर्चात ठेवण्याची सोय असते. ज्याने कमावून दिलं त्याच्यासाठी एवढं करायलाच हवं, पडद्यावरचा असला म्हणून काय झालं.

पागा_मालकीण

शंभर टक्के सहमत, खरारा. डोळ्यांत पाणी आलं वाचून.

टापटाप

मूळ प्रश्नाकडे वळू. चौखूर, धागा काढून कुठे गेलात?

चौखूर

आहे इथेच, सगळं वाचत होतो आणि करूनही बघत होतो. सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते लिहितो, पुढे कुणाला उपयोग होईल.

आधी एक वही केली. प्रत्येक घोड्याच्या नावापुढे आठवड्याचा खर्च, शुल्क आणि बक्षीस असे तीन आकडे. त्यातून दिसलं की कमाई करणारे पाचच आहेत आणि त्यांतलेही तीन शो जंपिंगचे. ड्रेसाजचे सगळे वरच्या गटात बरोबरीचे घोडे, म्हणजे हिशेबनीस म्हणाले तसे थोडे थोडे घालवणारे. त्यांना मधल्या गटात आणलं, रात्री उशिरा बंद होणाऱ्या शोमध्ये नोंदवलं. तिथे मैदानं खरंच अर्धी रिकामी असतात. दोन घोडे लगेच फायद्यात आले.

लहान घोड्यांना मालकीणबाईंच्या पद्धतीने तीनच गुण शिकवतोय. जिंकणाऱ्यांचा सराव बंद, त्यांची सगळी ऊर्जा शोला. काही घोडे चांगल्या घरी दिले, खरारा ताईंनी सांगितलं तसं समोरच्याचा तबेला बघून. चार म्हातारे निवृत्त करून ठेवलेत, त्यांचा खर्च नगण्य आहे.

आता आठवड्याच्या शेवटी शिल्लक वाढलेली दिसते, शिंगरू न विकता. फार नाही, पण पुढच्या महिन्यात एक नवी घोडी घेता येईल इतकी. त्यावरच शेवटचा प्रश्न: घोडी शो जंपिंगचीच घेऊ, की आमच्याकडे क्रॉसकंट्रीच्या मधल्या गटात चार-पाचच घोडे असतात, तिथे जाऊ?

हिशेबनीस

अभिनंदन! ती वही पुढे चालू ठेवा. क्रॉसकंट्रीबद्दल आधी एक बघा, कमी घोडे असताना तिथे बक्षीस पूर्ण मिळतं की नोंदण्यांच्या प्रमाणात कापलं जातं? पूर्ण मिळत असेल तर डोळे झाकून क्रॉसकंट्री. कापलं जात असेल तर जंपिंगच.

रिकीब

आणि पाच घोड्यांच्या मैदानात तुम्ही रोज पाच वेळा उतरलात तर बाकीचे चौघे निघून जातील हेही लक्षात असू द्या. दिवसाआड उतरा.

चौखूर

तपासलं. ठेवलेलं बक्षीस पूर्ण मिळतं, किमान चार घोडे हवेत. क्रॉसकंट्रीचीच बघतो, दिवसाआड.

नवखी_स्वार

कुठल्या खेळात आहात ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वादळला पाठवते. चारांतला एक आमचा धरा.